आतड्यातली बंद वाट आणि तोंडावाटे गेलेली नळी



मागच्या महिन्यात भोरकडच्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही भरून झाली आणि उठता उठता एकीने विचारलं, "ताई, तुमच्या आत्याचं आतडं तोंडातून नळी घालून मोकळं केलं म्हणतात, ते खरं का? पोट फाडलंच नाही?" मी म्हटलं, खरं आहे. त्यावर कोपऱ्यात बसलेली एक जण म्हणाली, "आमच्या दिरांना दोनदा फाडलं. दुसऱ्यांदा फाडल्यावर ते उठलेच नाहीत." मग कुणीच काही बोललं नाही.

घरी येताना एसटीत ठरवलं, पुढच्या वेळी रेडिओवर हीच गोष्ट सांगायची. मी डॉक्टर नाही. इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि गेली अकरा वर्षं बचत गटांचं काम करते. तेव्हा औषधपाणी सांगायला मी बसलेले नाही. ही नळी आली कुठून, ती यायच्या आधी लोकांचं काय व्हायचं, ती घातल्यावर आपण काय चुकतो, हे सांगणार आहे. त्यात आत्याची गोष्ट येईलच.

सुरुवात पुण्यातूनच करू. पुणे स्टेशनजवळचं ससून रुग्णालय तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलं असेल. कुणी बाळंतपणासाठी, कुणी साप चावलेल्या माणसाला घेऊन. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली ते उभं राहिलं. १९२४ सालच्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींच्या पोटात जोराचं दुखू लागलं. अपेंडिक्स सुजलं होतं. त्यांना ससूनमध्ये आणलं आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने त्यांचं ऑपरेशन केलं. बाहेर वादळी पाऊस होता. ऑपरेशन चालू असतानाच वीज गेली. हातातली बॅटरी लावली, तीही विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात टाके घालून काम पुरं झालं. गांधीजी वाचले आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिलं.

ही गोष्ट गांधीजींची म्हणून सगळ्यांना ठाऊक असते. मला ती आज वेगळ्या कारणाने सांगायची आहे. शंभर वर्षांपूर्वी पोटातलं दुखणं बरं करायचं तर एकच वाट होती: पोट उघडायचं, आणि उघडल्यावर आत उजेड धरायचा. तो विजेचा असो, बॅटरीचा असो की कंदिलाचा. उजेड बाहेर होता, म्हणून पोट फाडायला लागायचं. पुढची सगळी गोष्ट म्हणजे तो उजेड पोटाच्या आत कसा नेला याची गोष्ट आहे.

आता आत्याच्या आजाराकडे येते. पोटाच्या मागच्या बाजूला, जठराच्या आडोशाला एक अवयव असतो, स्वादुपिंड. नाव मोठं गोड, पण बिघडला की फार छळतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१९ सालच्या मार्चमध्ये याच अवयवाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा हा शब्द आपल्याकडच्या घराघरांत पहिल्यांदा बोलला गेला. स्वादुपिंडाचा रस आणि पित्ताशयाकडून येणारं पित्त या दोन चाऱ्या एकत्र होऊन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पडतात. शेतात पाटाचं पाणी चारीतून वाफ्यात सोडतो, अगदी तसं. माझ्या आत्याला गाठ झाली ती नेमकी या चाऱ्यांच्या तोंडाशी.

तिथली गाठ नुसती खुडून काढता येत नाही, कारण सगळं एकमेकांना चिकटून असतं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्ताच्या नळीचं खालचं टोक, आणि कधी जठराचाही तुकडा काढावा लागतो. मग उरलेलं पुन्हा जोडायचं. आतड्याचा एक वेढा वर ओढून घेतात. त्याला स्वादुपिंड जोडतात, पित्ताची नळी जोडतात आणि पुढे जठर जोडतात. तीन नवे सांधे. जमिनीतली जुनी पाइपलाइन काढून सगळे पाट नव्याने फिरवावेत तसं हे काम आहे, आणि तेही सहा-आठ तासांचं.

या ऑपरेशनला व्हिपल यांचं नाव आहे. ॲलन व्हिपल हे न्यूयॉर्कचे सर्जन, जन्म मात्र इराणमधल्या उर्मिया गावचा. आईवडील तिथे मिशनरी होते. त्यांच्या आधी १९०९ साली बर्लिनमध्ये वॉल्टर काउश यांनी असं ऑपरेशन यशस्वी करून दाखवलं होतं, पण ते मागे पडलं. व्हिपल यांनी १९३५ साली आपल्या तीन रुग्णांची हकीकत छापली, तेव्हापासून ते चालू झालं. सुरुवातीला दोन टप्प्यांत करायचे, १९४० पासून एकाच वेळी होऊ लागलं. आयुष्यभरात व्हिपल यांनी ही ऑपरेशनं किती केली असतील? फक्त ३७. इतकं ते अवघड होतं. १९७०च्या दशकापर्यंत चारातला एक रुग्ण ऑपरेशनच्या आसपासच दगावायचा. आज जिथे ही ऑपरेशनं नेहमी होतात अशा मोठ्या रुग्णालयांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आलं आहे.

आपल्याकडे या कामात मुंबईच्या परळमधल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं नाव आधी घेतलं जातं. ते १९४१ साली सुरू झालं. राज्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून माणसं तिथे जातात आणि त्यातल्या कितीतरी जणांना दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेने आसरा दिला आहे. आता पुण्यातही हे ऑपरेशन होतं. आत्याचं पुण्यातच झालं. चौदाव्या दिवशी ती घरी आली. महिन्याभराने भाकरी कुस्करून खायला लागली, तिसऱ्या महिन्यात गटाच्या बैठकीला आली. आम्ही समजलो, सुटलो.

सोळा महिन्यांनी तिला थंडी वाजून ताप आला. वरच्या पोटात दुखायचं, कण्हायची. चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसले. घरचे म्हणाले, कावीळ. गावात कावीळ उतरवणारा एक जण आहे. त्याच्याकडे नेलं. त्याने चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. मैत्रिणींनो, ते पाणी आधी हाताला चोळलेल्या झाडपाल्याच्या रसाने पिवळं होतं. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुतले तरी होईल. पण त्या माणसावर विश्वास का बसतो, तेही मला कळतं. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेक वेळा आपली आपणच उतरते आणि श्रेय त्याला मिळतं. आत्याची कावीळ ती नव्हती. आम्ही सहा दिवस घालवले. मीसुद्धा त्यात होते, फोनवर "बघा तिथे फरक पडतोय का" असं म्हणणारी.

एक गोष्ट आम्हाला चकवून गेली. आत्याला उलट्या होत नव्हत्या. आतडं बंद पडलं, पीळ पडला, की माणूस ओकतो, पोट फुगतं, शौचाला होत नाही, हे आपल्याला माहीत असतं. आत्या तर थोडंथोडं जेवत होती, शौचालाही होत होतं. मग आतडं बंद आहे हे कुणाच्या डोक्यात येणार?

नंतर डॉक्टरांनी एका कागदावर चित्र काढून दाखवलं. व्हिपलच्या ऑपरेशननंतर पोटात दोन वाटा तयार होतात. एक जठरातून पुढे जाणारी, अन्नाची. ती तुंबली तर खाल्लेलं उलटून पडतं. दुसरी आतड्याच्या त्या वर ओढलेल्या वेढ्याची. तिच्यातून अन्न जातच नाही, फक्त पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहत येऊन मुख्य वाटेला मिळतो. ही दुसरी वाट तुंबली तर जेवण खाली उतरत राहतं, पण मागे रस साठत जातो. वेढा फुग्यासारखा ताणतो. पित्ताला जागा राहत नाही म्हणून ते मागे यकृताकडे चढतं, कावीळ होते. साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात, मग हुडहुडी भरून ताप येतो. तुंबायची कारणं निरनिराळी असतात. जुन्या टाक्यांच्या जागी आतडी एकमेकांना चिकटतात, वेढ्याला पीळ पडतो, सांधा आकसतो, किंवा कॅन्सर तिथेच पुन्हा डोकं काढतो. सी. टी. स्कॅनमध्ये हा फुगलेला वेढा दिसतो. आत्याचा दिसला.

पूर्वी यावर काय करायचे? पुन्हा पोट उघडायचे. एकदा इतकं मोठं ऑपरेशन झालेलं पोट, आत सगळं चिकटलेलं, माणूस वाळलेला, अंगात ताप. तिथे पुन्हा सुरी चालवणं म्हणजे काय ते त्या दिराच्या गोष्टीत आलंच. दुसरा उपाय म्हणजे बरगड्यांखालून सुई घालून यकृतातल्या पित्तनळीत रबरी नळी बसवायची आणि पित्त बाहेर पिशवीत घ्यायचं. जीव वाचायचा, पण कमरेला पिशवी लागायची. पिशवी घेऊन शेतात कशी जाणार, वाकणार कशी, निजणार कशी? बाहेर सांडलेल्या पित्ताबरोबर अंगातलं पाणी आणि मीठही जातं. आजही काही रुग्णांना हे दोन्ही उपाय करावे लागतात, ते टाकाऊ नाहीत. पण तिसरी वाट नव्हती.

ती तिसरी वाट तोंडातून जाते, आणि तिची सुरुवात एका तलवार गिळणाऱ्यापासून झाली. आपल्याकडे जत्रेत दोरीवर चालणारे, तलवार गिळणारे यायचे ना, तसाच एक खेळ करणारा १८६८च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी होता. कुसमाउल नावाच्या डॉक्टरांना वाटलं, याच्या घशातून सरळ तलवार जाते तर सरळ नळीही जाईल. सुमारे ४७ सेंटिमीटरची ताठ नळी त्यांनी त्याच्या घशातून जठरात उतरवली आणि दिव्याचा उजेड आरशावरून आत टाकला. नळी गेली, पण आत अंधारच. उजेड तिथवर पुरला नाही. शिवाय तुम्हीआम्ही काही तलवार गिळणारे नव्हे. ताठ नळी माणसाला सोसत नाही आणि आतडं तर जिलबीसारखं वळलेलं.

उजेड वाकवता आला पाहिजे, ही खरी अडचण होती. ती सोडवणाऱ्यांत आपल्याकडचे एक शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचं नाव आपल्या मुलांच्या पुस्तकात जेवढं यायला हवं तेवढं येत नाही, असं मला वाटतं. नरिंदरसिंग कपानी. जन्म १९२६, पंजाबातलं मोगा, वाढले देहरादूनला. लंडनला शिकायला गेले आणि प्राध्यापक हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. जुडी वाकवली तरी उजेड तिच्याबरोबर वळत होता. १९५४च्या जानेवारीत 'नेचर' या नियतकालिकात ते छापून आलं. कपानी २०२० साली गेले आणि त्यानंतर, २०२१ साली, त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं.

तो लेख वाचून अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बेसिल हिर्शोविट्झ हे डॉक्टर कामाला लागले. तंतू एकमेकांना टेकले की उजेड गळून जायचा. लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने प्रत्येक तंतूला वेगळ्या जातीच्या काचेचं आवरण दिलं आणि गळती थांबली. म्हणजे वायरला आपण वरून प्लास्टिक चढवतो तसंच. १९५७ साली तयार झालेली वाकणारी दुर्बीण हिर्शोविट्झ यांनी आधी स्वतः गिळून पाहिली. गावात आपण 'दुर्बिणीची तपासणी' म्हणतो ती तिथून आली. हल्ली तिच्या टोकाला बारीक कॅमेरा असतो आणि आतलं सगळं टीव्हीसारख्या पडद्यावर दिसतं.

पाहणं जमलं, पण दुरुस्ती करायची तर हत्यार आत गेलं पाहिजे. १९६८ साली दुर्बिणीतून पित्तनळीच्या तोंडाशी पोचता आलं. १९७४ साली जपानमध्ये आणि जर्मनीत जवळजवळ एकाच वेळी, दुर्बिणीतून घातलेल्या तारेने ते तोंड कापून मोठं करता आलं. अडकलेले खडे खाली पडू लागले. आणि १९७९ साली हॅम्बुर्गमध्ये निब सोहेंद्र या इंडोनेशियात जन्मलेल्या सर्जनने बंद पडलेल्या पित्तनळीत दुर्बिणीतून प्लास्टिकची नळी सरकवून ठेवली. पित्त वाहायला लागलं. पोटाला चीर न देता.

अशा आत ठेवलेल्या नळीला स्टेंट म्हणतात. हृदयात घालतात ते स्टेंट तुम्ही ऐकलेच आहेत. हा शब्द आला दाताच्या डॉक्टरकडून. चार्ल्स स्टेंट हे लंडनचे दंतवैद्य. कवळी बसवण्यासाठी दातांचा ठसा घेतात, त्याचा एक चांगला मेणासारखा मसाला त्यांनी १८५६ साली बनवला. पहिल्या महायुद्धात एका डच सर्जनने तोच मसाला जखमेवर लावलेली कातडी जागच्या जागी धरून ठेवायला वापरला. मग जे काही आतून आधार देऊन धरून ठेवतं त्याला स्टेंट म्हणायची रीत पडली. बिचारे स्टेंटसाहेब १८८५ सालीच वारले. आपलं नाव लोकांच्या पोटात जाऊन बसणार हे त्यांना कुठून कळणार?

आता या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. प्लास्टिकची नळी घातली की काम संपलं असं नसतं. पित्ताचा गाळ तिच्यात बसतो आणि साधारण तीन महिन्यांत ती तुंबू शकते. मग ती बदलायची कशी? जुनी ओढून काढली तर मोठ्या मेहनतीने सापडलेली वाट हातची जायची. १९९० साली सोहेंद्र आणि त्यांच्या साथीदारांनी 'एंडोस्कोपी' या नियतकालिकात एक युक्ती छापली. तुंबलेल्या नळीतून आधी एक बारीक तार पलीकडे न्यायची. त्या तारेवरून आटे असलेला तुकडा सरकवून नळीच्या टोकात फिरवून घट्ट अडकवायचा आणि नळी बाहेर काढायची. तार जागेवरच राहते, तिच्यावरून नवी नळी आत जाते. या लेखाच्या लेखकांत सोहेंद्रांच्या पाठोपाठ दुसरं नाव आहे अमित मायदेव यांचं. मराठी माणूस. पुढे त्यांनी मुंबईत हेच काम वाढवलं आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पहिली नळी घालणाऱ्याचं नाव सगळे घेतात. तुंबलेली नळी बदलायची सोय करणाऱ्यांचं फारसं कुणी घेत नाही. विहीर खणणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं, दरवर्षी गाळ काढणाऱ्याचं लागत नाही, तसंच.

हे मी मुद्दाम लांबवते आहे. आपल्या एका गटातल्या बाईला खड्यांमुळे पित्तनळीत प्लास्टिकचा स्टेंट घातला होता. दुखणं थांबलं, ती कामाला लागली. कागद पेटीत गेले. "नळी काढायला या" असं सांगितलेलं घरात कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. वर्षाने ती तापाने फणफणून ग्लानीत गेली, तेव्हा आत नळी आहे हे नवीन डॉक्टरांना एक्सरेत दिसलं. ती वाचली, पण पंधरा दिवस दवाखान्यात पडून आणि कर्ज काढून.

आतड्यासाठी मात्र प्लास्टिकची बारीक नळी पुरत नाही. तिथे आठवण ठेवणारा धातू कामी आला. १९६०च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत निकेल आणि टायटॅनियम यांचा एक मिश्रधातू सापडला. तो वाकवला, चेपला, तरी ऊब मिळाली की मूळ आकारावर येतो. त्याच्या तारेची जाळीदार नळी विणतात, बारीक दाबून दुर्बिणीतून आत नेतात आणि सोडली की ती आपोआप फुलते. मिटलेली छत्री अरुंद दारातून नेऊन आत उघडावी तशी. १९९०च्या दशकापासून जठराच्या पुढची बंद वाट अशा नळीने उघडू लागले.

पण आत्याची ती दुसरी वाट? व्हिपलनंतर तिथवर पोचणंच कठीण, फार वळणं. जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ साली दोन फुग्यांची दुर्बीण पुढे आणली. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण पिन पुढे सरकवतो आणि कापड मागे गोळा करत जातो, हुबेहूब तसंच ही दुर्बीण फुग्यांच्या आधाराने आतडं मागे गोळा करत पुढे जाते. तरी प्रत्येक वेळी पोचतेच असं नाही.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढा वळसा घालायचाच कशाला. फुगलेला वेढा जठराला लागूनच असतो. मध्ये फक्त दोन भिंती. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली असते, तिने भिंतीपलीकडचा वेढा दिसतो. दोन्ही भिंतींना छिद्र पाडून मध्ये नळी बसवली की साठलेलं सगळं जठरात मोकळं होईल. धोका एकच, मोठा: दोन भिंती एकमेकांपासून सरकल्या तर घाण पोटाच्या पोकळीत सांडेल. त्यासाठी नळीचा आकार डमरूसारखा केला. मध्ये निमुळती, दोन्ही टोकांना पसरट, म्हणजे दोन्ही भिंती आवळून धरते. सॅन फ्रान्सिस्कोचे केनेथ बिनमोलर यांनी २०११ साली ही नळी जगापुढे मांडली, आणि हे बिनमोलर पूर्वी हॅम्बुर्गला सोहेंद्रांकडेच काम करत होते. मुळात ती स्वादुपिंडाभोवती साठलेलं पाणी काढायला होती. मग जगभरच्या डॉक्टरांनी ती बंद आतड्याला वापरून पाहिली.

आत्याला हीच डमरूची नळी घातली. आधी दोन दिवस सलाईनमधून जंतूंवरची औषधं दिली. मग भूल देऊन आत नेलं आणि तासाभराने डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ताई, अडकलेलं बरंचसं बाहेर आलं." त्या रात्री हुडहुडी भरली नाही. आठवड्याने डोळ्यांचा पिवळेपणा कमी दिसू लागला. पोटावर नवा टाका नव्हता. ती सारखी पदर बाजूला करून बघायची आणि विचारायची, "खरंच काही केलंय का गं यांनी?"

डॉक्टरांनी आम्हाला खरं ते सांगितलं होतं. वाट बंद व्हायचं कारण म्हणजे गाठ परत आली होती. नळीने वाट उघडते, गाठ जात नाही. या उपायातही रक्तस्राव होऊ शकतो, नळी सरकू शकते, अन्नाने तुंबू शकते, आणि प्रत्येकाच्या पोटात तो बसतोच असं नाही. सिस्टरनी खाण्याचं बजावलं: भाजीच्या काड्या, शेवग्याच्या शेंगा, संत्र्याचा चोथा नको, मऊ आणि थोडंथोडं खा. महिन्यांनी पुन्हा दाखवायची तारीख दिली. खर्चाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आम्ही महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटलो. काय बसतं, काय बसत नाही हे त्यांच्याकडून आधीच विचारून घेतलेलं बरं. उरलेल्यासाठी गटातून कर्ज घेतलं आणि ते फिटलं.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं, रागावून नाही, पण विचारलं: "सहा दिवस आधी का नाही आलात?" मी काय सांगणार होते? तेव्हापासून प्रत्येक बैठकीत मी एवढं सांगते की ज्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय किंवा ज्याच्या पोटात नळी आहे, त्याला थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा पोटात अन्न ठरेना, तर गावातली कावीळ समजू नका. ऑपरेशनचे कागद पिशवीत घाला आणि त्याच दिवशी निघा. उलटी होत नाही म्हणून थांबू नका.

आत्या त्यानंतर सात महिने आमच्यात होती. बहुतेक दिवस घरी, अंगणात, मऊ भात आणि मुगाचं वरण खाऊन. दोनदा बैठकीला आली. नळी दाखवायची तारीख तिने गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर, हप्त्यांच्या खाली, स्वतःच्या हाताने लिहिली होती, कारण पेटीतला कागद हरवेल पण पासबुक हरवणार नाही, असं तिचं म्हणणं. त्या तारखेला ती आणि मी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो. नळी मोकळी होती. येताना तिने स्वारगेटला खिडकीतून हात बाहेर काढून शेंगदाण्याची पुडी घेतली. मी म्हटलं, "आत्या, सिस्टरनी चावून खायला सांगितलंय." म्हणाली, "माझ्यासाठी नाही गं. गटातल्या पोरांना."